जुनी पानं की नवी

“आधी एवढंच सांग, जुनी पानं की नवी?”

फोनवर वहिनी होती. मी मागच्या पडवीत टाकीसमोर उकिडवी बसले होते. पडवीत भर दुपारीही उजेड कमी, म्हणून एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात बॅटरी. काचेपलीकडे तिचं ते मोठं झाड, अमेझॉन स्वोर्ड. घरात सगळे त्याला तलवारच म्हणायचे.

“दोन्ही,” मी म्हटलं.

“दोन्ही कशी असतील? नीट बघ. बाहेरची, खाली झुकलेली, ती जुनी. मधल्या गाभ्यातून नुकतं वर येतंय ते नवं. बिघडलंय कुठलं?”

“वहिनी, मी एम.एस्सी. बॉटनी आहे.”

“हो ना. म्हणूनच म्हटलं, नीट बघ.”

माझ्या मागे दादा उभा होता. हातात फडकं, समोर आधीच पुसलेली काच. तो तीच पुन्हा पुसत होता.

“बाहेरची पिवळट झालीत, पण शिरा हिरव्या आहेत,” मी म्हटलं. “आणि आतली नवी लहान येतायत. टोकाला वाकडी.”

पलीकडून हवेच्या पंपाची बुडबुड तेवढी ऐकू येत होती, आणि कोणीतरी गोल्डफिशचा भाव विचारत होतं. ती नगरला, वडिलांच्या दुकानात होती.

“फोटो पाठव,” ती म्हणाली. “बाकी?”

“बाकी ठीक.”

“आई?”

“ठीक.”

ती आणखी कुणाबद्दल विचारेल म्हणून मी थांबले. मागचं फडकंही थांबलं.

“बरं, गिऱ्हाईक आहे,” म्हणून तिनं फोन ठेवला.

“काय म्हणता ती?” दादानं विचारलं.

“फोटो धाड म्हणता.”

“आणखी?”

“आणखी काय नाय.”

त्यानं फडकं पिळलं. सुकं होतं तरी पिळलं. “बाय,” तो म्हणाला, “शिमग्याक येतली ती. येयत. त्याच्या आदी ह्यां सगळां हिरवां होऊक व्हया. तू ह्याच शिकलंस मा?”

ही टाकी आमच्याकडे आली ती रुखवतात. नगरच्या कंपनीत असताना दादा एका मत्स्यालयाच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. खाली मासे, वर दादा, आणि दुकानात बसणारी मालकांची मुलगी प्रणिता. पुढचं सांगायला नको. लग्नात तिच्या मैत्रिणींनी सुपारीचे भटजी मांडले, रव्याच्या लाडवांचा किल्ला मांडला, आणि त्यांच्या मधोमध तिनं स्वतः लावलेली, पाण्यानं भरलेली ही टाकी ठेवली. आम्ही कुडाळकर वऱ्हाडी टाकीभोवती जमलो. तळाला वाळू, मागे उंच हिरवी पाती, पुढे तलवार, कडेला तांबूस पानांची जुडी. सगळं होतं, एक गोष्ट सोडून.

“मासे खंय?” काकांनी विचारलं.

“नाहीत. ही झाडांचीच टाकी आहे,” नवरी म्हणाली.

“पंगतीक वाढलास की काय?”

मांडव हसला. आई हसली नाही. माशाशिवाय टाकी म्हणजे तांदळाशिवाय पेज, हे तिनं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

मग बाबा गेले. आई एकटी पडली म्हणून दादानं नगरची नोकरी सोडली, कुडाळच्या एमआयडीसीत धरली आणि वहिनी टाकीसकट आमच्याकडे आली. पहिल्याच दिवशी आंघोळीहून आली आणि म्हणाली, “अंगावरचा साबण जातच नाही हो, कितीही पाणी घेतलं तरी.” आईनं ही गोष्ट पुढे वाडीभर सांगितली. आमच्या विहिरीचं पाणी गोडं, म्हणजे आईची शानच. तूरडाळ एका शिटीत शिजते, साबण बोटभर पुरतो. “त्येंच्या नगराक दगडाचा पाणी,” आई म्हणायची, “भांड्याक चुनो बसता. केसांची काथी होता.” वहिनी ऐकायची आणि डाळ घोटायची.

टाकी पुढच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवली होती. बाबांच्या वर्षातली चतुर्थी काकांकडे झाली. दुसऱ्या वर्षी आई म्हणाली, ती जागा गणपतीची, टाकी पडवीत न्या. चार दिवसांचा तर प्रश्न. गणपती गेला, त्याच्यावर टांगलेली फळा-पानांची माटवी उतरली, टाकी पडवीतच राहिली. वहिनीनं एकदा जेवताना विचारलं, “आई, टाकी पुढं आणायची का?” आई म्हणाली, “आता हलवून कित्याक पाणी सांडूचा? थयच बरी दिसता.” दादा भात कालवत होता. तो कालवत राहिला.

पुढच्या आठवड्यात तात्यांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती नगरला गेली. दसरा झाला. दिवाळी झाली. तात्या काठी टाकून चालायला लागले. आता दुकान बघायला कोणी नाही, असं ती म्हणाली. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

मी पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायला घरी आले, तेव्हा माझ्या हाती आली ती ही टाकी.

वहिनीनं विचारलेला प्रश्न बरोबर होता. रोग ओळखण्याची सुरुवात तिथूनच होते. झाडाला अन्न कमी पडलं, तर काही द्रव्यं ते स्वतःच्या अंगातल्या अंगात हलवू शकतं. नायट्रोजन, पोटॅश, मॅग्नेशियम ही त्यातली. जुन्या पानांतून ती काढायची आणि कोवळ्या पानांना द्यायची. मग जुनी पानं पिवळी पडतात, नवी हिरवी दिसतात. काही द्रव्यं मात्र एकदा जिथं बसली तिथून उठत नाहीत. लोह आणि कॅल्शियम तसले. ते कमी पडले तर जुनी पानं धडधाकट राहतात आणि नवं पान जन्मतःच फिकं किंवा वेडंवाकडं येतं. म्हणून आधी वय विचारायचं. आमच्या तलवारीचं म्हातारपण आणि बाळपण, दोन्ही आजारी होतं. हे मला कुठल्याच खान्यात बसवता येईना.

मी लोहापासून सुरुवात केली. कृषी सेवा केंद्रातून लोहाची पूड आणली आणि चिमूटभर पाण्यात विरघळवून घातली. आठवड्यात नव्या पानांत काही फरक पडला नाही, पण सगळ्या पानांच्या कडांना हिरव्या तंतूंचं शेवाळ लटकायला लागलं.

आई पाटीत नारळाची सोडणं घेऊन माडाच्या मुळात टाकायला चालली होती. टाकीशी थांबली. “ह्येका केसां इली गो,” ती म्हणाली. “आता न्हाव बोलव.”

“आये, गप रव.”

“मी काय म्हणतंय, तुझा शिक्षण सरकारी की खाजगी?”

ती गेल्यावर मी विहिरीवरच्या बादलीकडे पाहिलं. आत तांबूस डाग. आमची जमीन जांभ्याची, पाण्यात लोह मुळातच पुरेसं होतं. जे घरात होतं तेच मी विकत आणून ओतलं होतं.

वहिनीला पुन्हा फोन केला. या वेळी दादा पडवीच्या दारात, चौकटीला टेकून होता. बाहेरच्या माडाकडे बघत.

“लोह नाही ते,” ती लगेच म्हणाली. “फोटोत बघितलं मी. दिवा किती वेळ लावता?”

“तू लावायचीस तेवढाच. दादा स्वतः लावतो.”

“आणि पाणी? पाणी बदलता का?”

“दर रविवारी. दादाच बदलतो. निम्मं काढतो, ताजं भरतो. एकही रविवार चुकवला नाही त्यानं.”

ती गप्प झाली. इतका वेळ की फोन कटला असं मला वाटलं.

“निम्मं?” ती म्हणाली.

“हो. चूक आहे का?”

“विहिरीचंच?”

“मग काय बिसलेरीचं? चूक आहे का, वहिनी?”

“नाही,” ती म्हणाली. “बदलू दे.” मग थोड्या वेळानं, वेगळ्या आवाजात: “तुझा दादा काही विचारतो का गं कधी?”

मी दाराकडे पाहिलं. मला वाटलं, ती टाकीबद्दल विचारतेय. “रोज विचारतो,” मी म्हटलं. “पानं कशी आहेत म्हणून.”

“पानं,” ती म्हणाली. “बरं.”

त्या रविवारी मी दादाचं काम बघत बसले. तो ते फार मन लावून करायचा. रबरी नळीचं एक टोक टाकीत, दुसऱ्या टोकानं पाणी ओढून घ्यायचं, तोंडात गेलेलं थुंकायचं, बादली भरली की मागच्या दारच्या माडाला नेऊन ओतायची. काढताना एक पान हलू द्यायचा नाही. पाणी निम्म्यावर आलं आणि वरची काच उघडी पडली, वारा लागून सुकली. तेव्हा मला ती दिसली. काचेच्या आत, वरच्या कडेखाली, चारी बाजूंनी फिरलेली पांढरी रेघ. खडूनं ओढावी तशी. एरवी ती पाण्याखाली असायची.

मी नखानं खरवडून पाहिली. कडक होती. स्वयंपाकघरातून लिंबाची फोड आणली आणि रेघेवर पिळली. बारीक बुडबुडे उठले, फसफसून गेले.

“काय करतंस?” दादानं विचारलं.

“दादा, आपल्या बादलेक कधी पांढरो चुनो बसलेलो बघलंस?”

“नाय.”

“कळशेक? हंड्याक?”

“नाय गो. आपला पाणी गोडा.”

“मगे ह्यो चुनो टाकयेक खंयसून इलो?”

तो वाकला. रेघ पाहिली. त्याला तिच्यात विशेष काही दिसलं नसावं.

“वहिनी नगरासून येताना काय काय हाडायची?” मी विचारलं.

“काय हाडतली? ज्वारी. शेंगदाण्याची चटणी. आणि ते दोन निळे कॅन.”

“कॅनात काय?”

“पाणी.”

“कसला पाणी?”

“त्येंच्या बोअरचा. मीच तर स्टँडावरसून उचलून हाडी. हात तुटत.”

“कित्याक हाडायची?”

“माका काय ठावक? असात म्हायरचा काय तरी. लोक गंगेचा नाय हाडणत?”

“आणि तू इचारलंस नाय?”

त्यानं हातातल्या बादलीकडे पाहिलं. “इचारूचा काय,” तो म्हणाला. “मी हसलंय तिका एकदा.”

मी त्याला समजावून सांगितलं. पाण्यात दगड विरघळलेला असतो, तोच कॅल्शियम, तोच मॅग्नेशियम. नगरच्या बोअरला तो भरपूर, आमच्या विहिरीला जवळजवळ नाहीच. आई ज्याला गोडं म्हणते ते झाडांना कोरडं ताट. वहिनीला हे ठाऊक होतं. टाकीत कमी झालेलं पाणी ती विहिरीचं भरायची, पण दर खेपेला नगरचं आणून त्यात मिसळायची. झाडं जगली ती त्या कॅनवर. ती गेली आणि कॅन थांबले. तेवढ्यानं एवढं बिघडलं नसतं, कारण पाणी उडून जातं, त्यातला दगड मागे राहतो.

“मगे?” दादा म्हणाला.

“मगे तू दर आयतवारी निम्मा भायर काढलंस.”

त्याच्या हातातली बादली भरलेली होती. ती न ओतता त्यानं पायरीवर ठेवली आणि शेजारी बसला. माडाच्या बुंध्याशी त्याच्याच आधीच्या बादलीची ओल अजून काळी दिसत होती.

“सगळा ह्या माडाक गेला,” तो म्हणाला.

आणि मला फोनवरची ती शांतता आठवली. निम्मं? विहिरीचंच? तिला तेव्हाच कळलं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही, कारण तिला ते मी नव्हे, दादानं विचारायला हवं होतं.

“उपाय सोपो आसा, दादा,” मी घाईनं म्हटलं. “मॅग्नेशियमाचा मीठ मेडिकलात मेळता. कॅल्शियमाक शिंपांचो चुरो घालूचो. तिसऱ्यांच्यो शिंपी, आपल्या घरात रग्गड—”

“नको,” तो म्हणाला. “मी पाणी हाडतंय.”

“खंयसून?”

“नगरासून.”

दोन रिकामे निळे कॅन माळ्यावर होते. त्यानं ते उतरवले, विहिरीवर नेऊन आतून घासले आणि सुंभानं एकमेकांना बांधले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“पाणी हाडूक नगराक? घरात बावडी आसान?”

“होय.”

“आणि लोकांनी इचारल्यान तर मी काय सांगू? आमचो गुरुनाथ पाण्याक गेलो?”

“तसाच सांग.”

“तेका काय झाला गो?” आईनं मला विचारलं. “त्या डबक्यापायी येडो झालो की काय?”

 दादा आत गेला, बॅग घेऊन आला. बॅग लहान होती, पण वर त्यानं स्वेटर कोंबलेला होता, नगरला असताना घेतलेला. कुडाळात तो कधी लागत नसे. आईनं स्वेटर पाहिला. तिची टकळी तिथंच थांबली. आत गेली, आणि फडक्यात बांधून उकड्या तांदळाची पुरचुंडी घेऊन आली.

“थयसर मेळणा नाय ह्यो,” ती म्हणाली. “पेजेक होतो.”

“आये, दोन दिसांनी येतंय.”

“होय तर,” आई म्हणाली. “ये.”

तो पायवाटेनं स्टँडकडे निघाला. रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. वळणावर तो दिसेनासा झाला तरी आवाज येत होता.

कॅन परत आले. ओळखीच्या कंडक्टरबरोबर एसटीनं आले, काठोकाठ भरून. दादा आला नाही. एका कॅनवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर वहिनीचं अक्षर: “दर रविवारी एक तांब्या. घाई करू नये.”

मी फोन लावला. दादानंच उचलला. मागे पंपाची बुडबुड होती.

“मेळाले काय कॅन?” त्यानं विचारलं. “जुन्या सायबांका भेटलंय काल. बघतंय म्हणाले.”

“काय बघतत?”

“जागा.”

आई माझ्या खांद्याशीच उभी होती. तिनं ऐकलं. मी फोन तिच्यापुढे धरला, तर तिनं हात मागे घेतले.

“इचार तेका,” ती मला म्हणाली, “थयसर डाळ शिजता काय म्हणान.”

मी विचारलं.

“शिजता म्हणा,” दादा म्हणाला. “येळ लागता.”

मग वहिनीनं फोन घेतला. मी तिला सगळं सांगणार होते, रेघ, लिंबू, माड. तिला सगळं कळलेलं होतं.

“विचारलं त्यानं,” ती म्हणाली, एवढंच. मग तिचा नेहमीचा आवाज. “आता जुन्या पानांकडं बघू नकोस हां. बिघडलेलं पान पुन्हा सुधरत नसतं. ती राहू देत, गळतील तेव्हा गळतील. नवं कसं येतंय ते बघायचं.”

शिमग्याला ते आले नाहीत. जागा मिळाली होती, पहिल्याच महिन्यात रजा कशी मागणार.

एका दुपारी मी पडवीत आले तर आई उखळीशी बसली होती. पुढ्यात सूप, सुपात धुऊन वाळवलेल्या तिसऱ्यांच्या शिंपा. मुसळाचा घाव पडला की शिंप कट्कन फुटायची.

“तू त्या दिसा म्हणी होतंस मा,” ती वर न बघता म्हणाली, “शिंपांचो चुरो?”

“होय.”

“तां घातल्यान आपला पाणी तिच्यासारख्या होता?”

“बराचसा होता.”

“मगे घाल.”

चुरा मी चाळून घेतला, फडक्यात बांधला आणि टाकीत सोडला. कॅनमधलं पाणी दर रविवारी तांब्याभर घालत होते, ते संपत आलं तेव्हा शिंपांनी काम धरलं होतं. तलवारीच्या गाभ्यातून एक नवं पान वर आलं. बोटाएवढं होतं, पण टोक सरळ होतं. मी आईला हाक मारली. तिनं चष्मा आणून लावला, बराच वेळ पाहिलं.

“टाकी पुढे घेवया,” ती म्हणाली. “हयसर उजेड नाय, तूच म्हणतंस.”

“आणि चतुर्थेक?”

“चतुर्थेक बघूया. गणपती सरकता थोडो.”

गणपती सरकला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या जागेवरून तो त्या वर्षी हातभर डावीकडे बसला. काका काही बोलू लागले, तर आईनं त्यांच्या हातात मोदकांची ताटली दिली. टाकी खिडकीशी होती आणि दिवा लागला की तिचा हिरवा उजेड माटवीच्या फळांवर पडायचा.

ते दोघं आदल्या दिवशी आले. दादाच्या दोन्ही हातांत नवे निळे कॅन होते, भरलेले. वहिनी चपला काढून सरळ टाकीशी गेली. गुडघ्यांवर बसली. काचेवरचं तिचं बोट एकेक पान मोजत असावं तसं वर गेलं.

“सरळ आलीत सगळी,” ती म्हणाली. मग मागे न बघता, “पाणी कुठलं आहे?”

मी तोंड उघडणार तोच स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “आपला.”

वहिनीनं वाकून टाकीतली चुऱ्याची पुरचुंडी पाहिली. कोपऱ्यात शिंपांनी भरलेलं पोतं होतं, तेही पाहिलं. उठली आणि आत गेली.  मग नारळ खवल्याचा आवाज सुरू झाला, आणि थोड्या वेळानं दुसऱ्या खवणीचा.

मला वाटलं होतं, आता ते राहतील. म्हणजे तसं कोणी म्हणालं नव्हतं. पण टाकी पुढे आली होती, गणपती सरकला होता. गौरी-गणपती गेले, आणि त्यांच्यामागून तेही गेले. दादाला रजा नव्हती. वहिनीनं दुकानाशेजारचा गाळा घेतला होता, नुसत्या झाडांच्या टाक्यांसाठी. निघताना तिनं आईच्या पाया पडताना काहीतरी सांगितलं, आईनं मान हलवली. सगळं नीट झालं होतं. घर तेवढं रिकामं झालं.

बस सुटल्यावर तासाभरानं दादाचा फोन आला. “गो, रिकामे कॅन थयच रवले.”

मी पडवीत शोधले, न्हाणीत, माळ्यावर. कुठंच नव्हते. शेवटी भाताच्या कणगीमागे सापडले, गोणपाटाखाली. नीट झाकलेले.

आई दारात आली होती.

“गावले काय?” दादा फोनवर विचारत होता.

मी आईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“गावले,” मी म्हटलं. “हयच आसत.”

“न्हेऊक ये म्हण,” आई म्हणाली.

याला आता बरीच वर्षं झाली. मीही पुण्याला आले, पीएच.डी. झाली, नोकरी लागली. दादा आणि वहिनी चतुर्थीला येतात, कॅन भरून आणतात, रिकामे न्यायला विसरतात. टाकी आई सांभाळते. शिंपांचा चुरा किती, दिवा कधी लावायचा, कुठलं पान कधी काढायचं, हे तिला आता माझ्याहून चांगलं कळतं.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. “वृषाली, तलवारीची पानां पिवळी पडतत गो.”

मी प्रयोगशाळेतून निघत होते. “जुनी की नवी?”

“काय?”

“जुनी पानां की नवी? भायरची की आतली?”

 मग आई म्हणाली, “तां माका कळणा नाय.”

“बरा, मगे फोटो धाड.”

“फोटो माका धाडूक येणा नाय.”

रोज पहाटे न चुकता मला गुलाबाच्या फुलांचा सुप्रभात पाठवणारी माझी आई.

“आये,” मी म्हटलं.

“तू येवन बघ,” ती म्हणाली. “फोनार समजाचा नाय तुका.”

मी शनिवारचं तिकीट काढलं आहे.